वाणात दिलेली नखुली

लीलाबाई कोरडे यांच्या घरून कोणी रिकाम्या हातानं परत गेल्याचं वरूडात ऐकिवात नाही. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूससुद्धा तिथं आधी चहा घेतो, मग लोणच्याची फोड चाखतो, आणि ‘घरच्यायसाठी घेऊन जाजो बापा’ म्हणून दिलेली पुडी खिशात कोंबून मगच पुढच्या दाराला लागतो. पुढच्या घरचे सांगतात की आमचं बिल दर महिन्याला उशिरा येतं ते लीलाबाईंमुळे. घरात एखादी वस्तू एकाची दोन झाली की ही बाई बेचैन होते. दुसरी कोणाच्या तरी हातात पडल्याशिवाय तिला जेवण जात नाही.

यजमान वामनराव यांचं बसस्टँडच्या मागे पंक्चरचं दुकान आहे. वामनराव बोलत नाहीत. लग्नाच्या सुमारास थोडंफार बोलत असत म्हणे, पण दोघांचं मिळून जेवढं बोलायचं तेवढं लीलाबाई एकट्याच बोलून टाकतात, मग तेच परत कशाला, असा विचार त्यांनी केला असावा. मुलगी दामिनी अमरावतीला खोली करून राहते आणि विद्यापीठात एमएस्सी करते. पंक्चरच्या दुकानावर हे सगळं चालत नाही, कारण हल्ली ट्यूब नसलेले टायर निघाले आहेत आणि लोक ते स्वतःच बुजवतात. घर चालतं ते लीलाबाईंच्या दोन हातांवर, आणि ते दोन हात किसनरावांच्या संत्र्याच्या शेडवर असतात.

शेडवरचं काम सांगायला सोपं आहे. बागेतून फळ येतं, बाया ते निवडतात, लहान-मोठं वेगळं करतात, डागी फळ बाजूला टाकतात, उरलेलं क्रेटमध्ये भरतात. भानगड असते ती देठाची. देठ मुळापासून उपटला गेला तर फळ तिथूनच सडायला लागतं. लांब राहिला तर तो क्रेटमध्ये शेजारच्या फळाला टोचतो, आणि टोचलेलं फळ दिल्लीला पोचेपर्यंत त्याला चांगली दाढी फुटते. म्हणून प्रत्येक देठ थोडासा ठेवून कापायचा. कात्री उचला, देठ कापा, कात्री ठेवा, फळ ठेवा, कात्री उचला. घाईत कात्रीचं टोक सालीला लागलं की ते फळ गेलं, आणि वरून किसनरावांचं भाषण.

अशी वर्षं गेली आणि लीलाबाईंच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याला आराम द्या. लीलाबाई घरी येऊन वामनरावांना म्हणाल्या, “अंगठ्याले आराम म्हणजे तोंडाले उपास. डाक्टरले काय सांगाले जाते!”

वामनराव काही बोलले नाहीत. पण दुकानातला एक पत्र्याचा तुकडा त्यांनी बाईसमोर ठेवला. कदाचित सहजच ठेवला असेल. लीलाबाईंनी तो उचलला.

पुढचे काही आठवडे ही बाई शेडवरून आली की दुकानात बसायची. सोड्याच्या बाटलीचं बूच ठोकून चपटं केलं, त्याला मधोमध भोक पाडलं, आणि बोटाच्या पेरात बसेल असं वळं लावलं. दाढीच्या ब्लेडचा तुकडा पत्र्यात बसवून तो अंगठ्याला. दोन्हीच्या मधे मोटरसायकलच्या भंगारातून निघालेली स्प्रिंग. बूच फळावर टेकवायचं, देठ भोकातून वर येतो, आणि चिमटा घेतल्यासारखं केलं की पातं बुचावरून सरकून देठ खट्‌कन उडवतं. बुचाच्या जाडीएवढाच देठ मागं राहतो, ना कमी ना जास्त. सालीला पातं लागूच शकत नाही, कारण मधे बूच आहे. आणि दोन्ही हात मोकळे, कात्री उचलायची-ठेवायची कटकटच नाही.

शेडवरची त्यांची जोडीदारीण पंचफुलाबाई. तिनं ते बोटात घालून पाहिलं, दोन-चार देठ उडवले आणि म्हणाली, “काय वं लीला, हे तं नखावानी आहे! नखुली!” त्याच दिवशी बारसं झालं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग संक्रांत आली.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे घरोघरी हळदीकुंकू असतं आणि आलेल्या प्रत्येकीला काहीतरी वाण द्यायचं असतं, हे सांगायला नको. वाणाची गंमत अशी की ते देणारीला स्वस्तात पडावं लागतं आणि घेणारीला महाग वाटावं लागतं. त्यामुळे प्रत्येकीच्या घरी साबणाच्या डब्या, चहाच्या गाळण्या आणि झाकण न लागणारे डबे यांचा साठा झालेला असतो. एका घरची गाळणी फिरत फिरत तीन वर्षांनी मूळ मालकिणीकडे परत आल्याचंही उदाहरण वरूडात आहे, आणि मूळ मालकिणीनं ती ओळखून परत पुढं पाठवली.

लीलाबाईंनी त्या वर्षी वाणात नखुली दिली.

वामनरावांच्या दुकानात बसून एकेक नखुली केलेली. शेडवरच्या बाया, गल्लीतल्या बाया, आणि मृगाच्या बहाराची संत्री निवडायला शेजारच्या गावाहून येणाऱ्या बाया. कुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, पदरात नखुली टाकायची. पंचफुलाबाईंच्या घरी हे हळदीकुंकवाचं प्रकरण नसतं, म्हणून त्यांची नखुली लीलाबाईंनी डब्याच्या सुट्टीत हातात नेऊन दिली. शेजारची धाकटी सून नीलम मोबाईलवर रील काढण्यात तरबेज आहे. तिनं काकूंचं वाण, काकूंचा हात, बुचातून वर आलेला देठ, खट्‌, सगळं काढलं. त्यात लीलाबाईंचा आवाजही आहे: “घ्या माय, सगळ्याजणी घ्या! तुटली तं माह्याकडे या, मी नवी करून देतो. अन् कोणाले शिकाची असन तं शिकवतो!”

बाया खूष. त्या वर्षीचं वाण कोणी पुढं पाठवलं नाही.

मृगाचा बहार आटोपता आटोपता लीलाबाईंचा अंगठा मात्र पार गेला. नखुली उशिरा सुचली, अंगठा आधीच झिजला होता. वाटी धरली तर सुटायची. किसनराव काही वाईट माणूस नाही. त्यांनी बाईला बाजूला बोलावून पाण्याचा ग्लास दिला आणि मग सांगितलं, “वहिनी, येत्या आंबियाच्या बहाराले तुमी आराम करा.” किसनरावांनी आराम करा म्हटलं की त्याचा अर्थ शेडवर सगळ्यांना कळतो. नखुलीमुळे आता कमी बायांत जास्त काम उरकायला लागलं होतं, हेही एक होतंच.

लीलाबाई घरी बसल्या. घरी बसलेल्या लीलाबाई वरूडानं कधी पाहिल्या नव्हत्या. मीटरवाल्याला चहा मिळाला, पण पुडी मिळाली नाही, आणि तो पुढच्या दाराला वेळेवर पोचला. दामिनी सुट्टीला आली तेव्हा आई तिला म्हणाली, “तुही खोली सोडा लागन काय वं?” पोरीनं हो-नाही काहीच म्हटलं नाही. त्या घरात पहिल्यांदाच दोन माणसं न बोलता बसली, आणि वामनरावांना ते सहन झालं नाही. ते उठून दुकानात गेले.

अशात अकोल्याहून एक साहेब आले. ते आले होते वरूडला लग्नाला, पण लग्नघरच्यांच्या संत्र्याच्या शेडवर त्यांनी बायांच्या बोटात नखुल्या पाहिल्या आणि जेवण टाकून चौकशी करत लीलाबाईंच्या दारात पोचले. त्यांचा एमआयडीसीत शेतीची अवजारं करायचा छोटा कारखाना. खाटेवर बसून त्यांनी नखुली उघडली, बंद केली, परत उघडली.

“ताई, हे मी बनवतो. साचा माझा, पोलाद माझं, विक्री माझी. विकलेल्या प्रत्येक नगामागं तुमचा हिस्सा. महिन्याच्या महिन्याला घरपोच.”

लीलाबाईंनी चहा ठेवला. परत ठेवला, कारण पहिला उतू गेला.

“फक्त एक काम आधी करा,” साहेब म्हणाले. “पेटंटचा अर्ज टाका. नाही तर मी साच्यावर घर विकून बसेन आणि दुसरा माझंच पाहून पुढच्या महिन्यात बाजारात उतरेल. पेटंट असेल तर वीस वर्षं कोणाची हिंमत नाही. ते नसेल तर ताई, मग मी हिस्सा तरी कशाचा देऊ?”

ते गेल्यावर लीलाबाईंनी दामिनीला विचारलं, “पेटंट म्हणजे थे खोकल्याचं औषध येते थेच ना वं?”

अमरावतीला राजकमल चौकाजवळ एका इमारतीत खाली तीन कोचिंग क्लास आहेत आणि वर पेटंट एजंट ललित गावंडे यांचं ऑफिस आहे. जिना चढताना डाव्या हातानं पोरांच्या सायकली बाजूला करत जावं लागतं. ललितराव हा तरुण, हौशी माणूस. अमरावतीत शोध लावून कोणी येत नाही, म्हणून बिचारा ट्रेडमार्कवर दिवस काढतो. मिरचीच्या पावडरीची नावं आणि पापडाच्या पाकिटांवरची चित्रं यांतून त्याला कधीतरी एक खरा शोध हवा होता. लीलाबाईंनी पिशवीतून नखुली काढून टेबलावर ठेवली तेव्हा त्याचे डोळे असे झाले की दामिनीला वाटलं, झालं आपलं काम.

“बघा काकू, पेटंट मिळायला तीन गोष्टी लागतात,” तो म्हणाला. “पहिली, वस्तू नवी पाहिजे. वरूडात नवी नव्हे, जगात नवी. दुसरी, नुसती नवी असून भागत नाही, त्यात डोकं पाहिजे. पोळपाटाला कोणी चाकं लावली तर तसा पोळपाट जगात नसेलही, पण त्यात काय मोठं? त्या कामातल्या कोणाही माणसाला सहज सुचलं असतं, असं वाटता कामा नये. तिसरी, कारखान्यात बनली पाहिजे, धंद्यात वापरता आली पाहिजे. नुसती कल्पना चालत नाही. माझ्या डोक्यात उडणाऱ्या रिक्षाची कल्पना आहे, तिला कोणी पेटंट देत नाही.”

“रिक्षा उडन तं सवारी कशी चढन?” लीलाबाईंनी मनापासून विचारलं.

ललितराव हसला आणि संगणकावर शोधायला लागला. चीनचे, जपानचे, कुठकुठले अंगठ्याला लावायचे चाकू निघाले. प्रत्येक चित्र दिसलं की दामिनी खुर्ची पुढं ओढायची. पण बूच कुठंच नव्हतं. देठ भोकातून वर घेऊन त्याच्या जाडीनं मोजणारं, सालीला वाचवणारं असं काहीच नव्हतं.

“चाकू जुना, बूच तुमचं!” ललितरावानं टेबलावर थाप मारली आणि खालून चहा मागवला. “काकू, नवंही आहे, डोकंही आहे, कारखानदार तर दारात उभा आहे. मला वाटतं, होतंय. आता एकच शेवटचं. अर्ज टाकायच्या आधी हे बाहेर कोणी पाहिलेलं नाही ना?”

“काहून नाही? सगळ्यायनं पाह्यलं.”

“म्हणजे घरच्यांनी?”

“नाही बापा, सगळ्यायनं. वाणात देल्ली ना म्या!”

चहा आला. तो तसाच राहिला.

ललितरावानं समजावून सांगायला घेतलं. त्याचा आवाज एकदम डॉक्टरसारखा झाला होता, म्हणजे घरच्यांना बाजूला बोलावून बोलतात तसा. कायदा म्हणतो, अर्ज टाकायच्या दिवशी वस्तू नवी पाहिजे. अर्जाच्या आधी ती उघडपणे लोकांच्या हातात गेली, लोकांना कळली, की ती नवी राहत नाही. मग ती दाखवणारी स्वतः शोधक असली तरी तेच. “तुमचीच नखुली तुमच्या आड येते, काकू.”

“पण ते माहं वाण होतं,” लीलाबाई म्हणाल्या. “इकली थोडीच म्या?”

“विकली काय, दिली काय, कायद्याला सारखंच.”

“इतक्या चांगल्या गोष्टीले कायदा नावं ठेवते?” हे त्यांनी अशा आवाजात विचारलं की खालच्या क्लासमधला गणिताचा मास्तरही जरा थांबला असावा.

दामिनी मात्र थांबायला तयार नव्हती. काहीतरी फट असेलच, असं तिचं म्हणणं. ललितरावही पुस्तक काढून बसला. फटी होत्या. सरकारनं मान्यता दिलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली असेल तर वर्षभराची सूट आहे. “हळदीकुंकू सरकारमान्य नाही,” दामिनी कडवटपणे म्हणाली. वस्तू चालते की नाही हे तपासायला लोकांसमोर वापरावीच लागली असेल, तर त्यालाही सूट आहे. “वाण चाचणी म्हणून दिलं होतं का, काकू?” लीलाबाईंनी विचार केला. “चालते हे मले माहीत होतं. न चालणारी वस्तू वाणात कशी देऊ?”

राहिली शेवटची. ललितरावानं ती जरा चाचरतच सांगितली. ज्यांना दिली त्यांना ‘हे गुपित आहे, कोणाला सांगू नका’ असं विश्वासानं बजावून दिली असेल, तर ते उघड करणं ठरत नाही. आणि मग त्यांतल्या कोणी तुमच्या परवानगीशिवाय जगाला दाखवली असेल, तर त्या दाखवण्यामुळे तुमचं नुकसान होत नाही. मात्र दोन्ही गोष्टी पाहिजेत. “मी तुम्हाला असं सांगा म्हणत नाही. मी विचारतो आहे, असं झालं होतं का? घरी जा, आठवा, त्या बायांनाही विचारा. पण खोटं मी लिहिणार नाही.”

वरूडच्या बसमध्ये लीलाबाई मोर्शीपर्यंत पिशवीतली नखुली चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, “गुपित म्हणून देल्ली असती तं वाण कशाचं राह्यलं असतं वं?”

“आई, तू फक्त आठव,” दामिनी म्हणाली.

“आठवूनच राहिलो. आठवते थेच तं वांधे आहेत.”

दुसऱ्या दिवशी दामिनीनं बायांना घरी बोलावलं. शेडवरच्या, गल्लीतल्या, सगळ्या आल्या. दामिनीनं कायदा सांगितला. बायांना कायदा अर्धाच कळला, पण लीलाबाईंचं काम अडलं आहे एवढं पूर्ण कळलं, आणि एकजात सगळ्या तयार झाल्या.

“सांगू ना! लीलानं शपथ घातली होती म्हणून सांगू!”

“मले तं कानात सांगतलं होतं.”

“माह्या नवऱ्यालेबी नाही माहीत!”

“तुह्या नवऱ्याले कशाले माहीत असन, तो घरी राहते कधी?” यावर हशा झाला. लीलाबाई हसल्या नाहीत.

एका कोपऱ्यात पंचफुलाबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “हे पाहा वं बायांनो. आपुन सगळ्याजणी म्हणू गुपित होतं. मंग पेटंटवाला साहेब विचारन, तुमच्यातनं फोडलं कोणं? गुपित होतं तं ते शेजारच्या शेंदुरजनापर्यंत कसं गेलं? कोणाचं तरी नाव घ्या लागन. घेता कोणाचं?”

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. आणि मग हळूहळू सगळ्यांची मान एकाच दिशेला वळली. तिथं नीलम उभी होती, हातात मोबाईल घेऊन. त्या रीलखाली कितीतरी लोकांनी ‘वा काकू’ म्हणून लिहिलं होतं.

नीलमनं तिथंच रील काढून टाकली. दामिनी म्हणाली, आता काढून उपयोग नाही, जगानं पाहिलं ते पाहिलं. मग नीलम दामिनीजवळ आली आणि हळूच म्हणाली, “ताई, माहं नाव घ्या. मी म्हणतो, मी काकूले न इचारता टाकली. चोरून टाकली.”

“नीलम, सासू काय म्हणेल तुझी?” दामिनीनं विचारलं.

“म्हणू दे. काकूनं माह्या बाळंतपणात काय केलं ते मले माहीत आहे.”

दामिनीनं तिचा हात घट्ट धरला. दामिनी काही वाईट पोरगी नाही. पण सुट्टीभर आईचा अंगठा रोज पाहणारी पोरगी होती ती.

दोन दिवसांनी तिघी ललितरावाच्या ऑफिसात. जिन्यावर सायकली होत्याच. नीलमनं डोक्यावरून पदर घेतला होता, पोलीस स्टेशनात आल्यासारखा. दामिनीनं बोलायला सुरुवात केली: बायांना गुपित म्हणून दिलं होतं, आणि नीलमनं काकूंना न विचारता रील टाकली, ती तसं लिहून द्यायला तयार आहे.

ललितरावानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग तो दामिनीशी बोलला नाही, नीलमशीही नाही. त्यानं खुर्ची लीलाबाईंकडे वळवली.

“काकू, तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. अर्ज तुमचा आहे. या मुलीनं तुमच्या परवानगीशिवाय, तुमचा विश्वास मोडून हे लोकांना दाखवलं. बरोबर?”

लीलाबाईंच्या मागे नीलम ‘हो’ म्हणून जोरजोरात मान हलवत होती. दामिनी टेबलाकडे पाहत होती. खालून क्लासमधल्या पोरांचा पाढ्यासारखा एकसुरी आवाज येत होता, आणि बाहेर ऑटोवाले बडनेऱ्याच्या सवाऱ्यांसाठी ओरडत होते. लीलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. त्यांनी एकदा तोंडही उघडलं. अकोल्याचे साहेब, दामिनीची खोली, येता आंबिया, सगळं त्या उघडलेल्या तोंडात होतं. एक ‘हो’ म्हणायला किती वेळ लागतो?

“नाही साहेब,” त्या म्हणाल्या. “म्याच म्हणलं होतं, टाक माय, मोबाईलात टाक, दूर दूरच्या बायायलेबी होऊ दे.”

“काकू!” नीलम रडायला लागली. “मी म्हणून राहिलो ना चोरली म्हणून!”

“तू काहीबी म्हणशीन. पदर पसरून घेतलेलं वाण चोरलं म्हणू मी? तुह्या कपाळाले कुंकू लावून देल्लं मी, अन् आता कागदावर चोर लिहून देऊ? मंग माह्या हातचं कुंकू कोण लावून घेइन वरूडात?”

“आई, मग आपण करायचं काय?” दामिनी म्हणाली. “तुझा हात गेला, काम गेलं. मला सांग ना, करायचं काय?”

लीलाबाईंनी पदरानं पोरीचे डोळे पुसले.

ललितरावानं शेवटचा प्रयत्न केला. त्याचाही जीव गुंतला होता त्यात. “काकू, नखुलीत नंतर तुम्ही काही सुधारणा केली का? बुचात, स्प्रिंगमध्ये? एखादी गोष्ट, जी कोणीच पाहिली नाही? ती जर जुन्या नखुलीवरून सहज सुचण्यासारखी नसेल, तर तेवढ्यावर अर्ज टाकता येईल. आठवा. एखादी तरी गोष्ट असेल जी तुम्ही कोणाला दाखवली नाही.”

लीलाबाईंनी खूप आठवलं. कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत आठवलं. स्प्रिंग बदलली होती, तेव्हा पंचफुला शेजारी बसली होती. पातं तिरपं केलं, ते गल्लीतल्या सुनांना बोलावूनच. आयुष्यभर उघडं ठेवलेलं घर त्यांनी मनातल्या मनात कोपरान्‌कोपरा शोधलं.

“नाही साहेब,” त्या म्हणाल्या. “झाकलेलं काहीच नाही माह्याकडे.”

त्यानं पुस्तक बंद केलं.

नीलम नाक पुसत होती. मग लीलाबाईंनी विचारलं, अगदी बाजारात भाव विचारावा तसं:

“मंग आता थे नखुली कोणाची झाली?”

“सगळ्यांची.”

“म्हणजे कोणीबी बनवू शकते? इकू शकते?”

“कोणीही. कोणाला विचारायचीही गरज नाही.”

“अकोल्याचे साहेबबी?”

“तेही.”

“अन् मी?”

ललितरावानं चष्मा काढला, परत लावला. “तुम्हीही, काकू. तुम्हाला कोण अडवणार?”

लीलाबाईंनी टेबलावरची नखुली उचलली. बूच बोटात घातलं, पातं अंगठ्यात. दाबलं. स्प्रिंग तसूभरही हलली नाही. पुन्हा दाबलं. कळ आली आणि अंगठा आपोआप मागं आला.

“हा अडवते ना,” त्या म्हणाल्या, आणि कोणीतरी ती नखुली काढून घ्यावी म्हणून हात पुढं धरून बसल्या.